ताडपत्री आणायला गेले आणि मला घेऊन आले

मी जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र बोलतोय. नाव सांगून उपयोग नाही, कारण ज्या गावात मी राहतो तिथं मला नाव विचारून कुणी हाक मारली नाही. कुणी 'कुंईवालं' म्हणालं, कुणी 'साहेबाची काठी' म्हणालं, आणि घरच्या सूनबाई प्रेमला तर पहिले आठ दिवस मला 'ते मढं' म्हणत होत्या.

माझा देह चार भागांचा. एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला भाकरीच्या तव्याएवढी चकती, एक जडशीळ पेटी आणि कानाला लावायचे दोन डबे. चकती जमिनीवरून फिरवायची. खाली काही नसलं तर कानात बारीक 'गुंऽऽ' असा आवाज येत राहतो. खाली लोखंड, तांबं, पितळ, चांदी असं काही असलं की मी 'कुंईऽऽ' करून बोंब मारतो. काय आहे ते मला कळत नाही, आहे एवढंच कळतं. खिळा आणि खजिना मला सारखाच.

विलायतेत लढाईच्या धामधुमीत माझा जन्म झाला. शत्रूनं जमिनीत पेरलेले सुरुंग हुडकायचे, ही माझी कामगिरी. मोठ्या ऐटीत बोटीत चढलो. पण ब्रह्मदेशाला जायचा मी बेळगावच्या कॅम्पातल्या कोठारात येऊन अडकलो. तिथं शिपायांना शिकवण्यासाठी एक हवालदार बिस्किटाचा रिकामा डबा मैदानात पुरायचा आणि मी तो हुडकायचो. तोच डबा, तेच मैदान. शेवटी शेवटी तर डबा कुठं आहे हे मैदानावरच्या शेळ्यांनाही पाठ झालं होतं. लढाई संपली. मी एकही सुरुंग पाहिला नाही.

एकोणीसशे शेहेचाळीस साली दिवाळीनंतर कॅम्पात जुन्या सामानाचा लिलाव निघाला. तिथं कलगोंडा आप्पा आले. निपाणीपासून दोन कोसांवर त्यांचं गाव. तंबाखूची शेती, डोक्याला पिवळा पटका, मनानं सरळ आणि बोलण्यात भिडस्त. तंबाखू झाकायला ताडपत्री घ्यावी म्हणून आले होते. ताडपत्रीवर हातही ठेवला होता. तेवढ्यात लिलावाचा कारकून माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ये मशीन जमीन के अंदर का माल बताता है."

कलगोंडा आप्पांचा हात ताडपत्रीवरून निघाला. त्यांनी विचारलं, "चाळीस वर्सांमागं पुरल्यालं बी सांगतंय का?"

"सौ साल का भी बताएगा."

मोटारीत कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट मागितलं. आप्पांनी वाद न घालता दिलं. वाटभर ते मला मांडीवर घेऊन बसले होते, आणि त्यांचं काळीज धडधडताना माझ्या पेटीला जाणवत होतं. एवढं घाबरलेलं गिऱ्हाईक मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा कारण कळलं नाही. घरी गेल्यावर कळलं.

दारातच प्रेमलाबाई उभ्या होत्या.

"ताडपत्री कुठाय?"

"ही ताडपत्रीपरास भारी हाय गं."

"पाऊस आला तर ही तंबाखूवर हातरायची का?"

आप्पा गप्प बसले. त्या घरात गप्प बसणं हे त्यांचं निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं काम निरोप पोचवणं.

त्याचं असं होतं. घर एक, पण मधोमध भिंत. भिंतीच्या उगवतीला आप्पांची आई पद्मावतीबाई, मुलगा-सुनेसह. मावळतीला काकू ब्राह्मीबाई, एकट्या. दोघी जावा, दोघींचे नवरे केव्हाच गेलेले, आणि दोघींमध्ये चाळीस वर्षं अबोला. अबोला म्हणजे बोलणं बंद नव्हे हं. दोघी एकाच अंगणात, चार हातांवर बसायच्या आणि मधे आप्पांना बसवायच्या.

"कलगोंडा, सांग तुझ्या काकूला, तिची शेळी माझी जाई खाऊन गेली."

"काकू, आई म्हनतीया..."

"ऐकलं मी. सांग तुझ्या आईला, जाईनं शेळीच्या वाटंत येऊ नये."

ब्राह्मीबाईंना खरं तर कमी ऐकू यायचं, पण जावेचं भांडणाचं बोलणं तेवढं बरोबर ऐकू यायचं. आप्पा शेतावर गेलेले असले तर म्हशीकडं तोंड करून बोलणं व्हायचं. "म्हशी, सांग तिला, चूल पेटलीया, दूध उतू जाईल." ती म्हैस म्हातारी झाली होती. तिनं या घरात फार ऐकलं होतं.

भांडणाचं मूळ एक तांब्या. चाळीस वर्षांमागं प्लेग आला तेव्हा सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलं. ब्राह्मीबाई तेव्हा पंधरा दिवसांची नवी सून, वय सोळा. माहेराहून बापानं दिलेले राणीछाप चांदीचे रुपये त्यांनी तांब्यात भरले, तोंडाला फडकं कोंबलं आणि निघायच्या घाईत माजघरात पुरले. पुरायला तांब्या आत नेताना पाहिलं ते एकट्या थोरल्या जावेनं. माळावरूनच बाप त्यांना माहेरी घेऊन गेला. वर्षानं त्या नांदायला परत आल्या, पहिल्याच दिवशी खुरपं घेऊन बसल्या, आणि तिथं तांब्या नव्हता.

"पाहिलं एकीनं, मग नेलं कुणी?" असं त्यांनी विचारलं. त्यानंतर दोघींचं थेट बोलणं झालं नाही. पुढं वाटण्या झाल्या तेव्हा ब्राह्मीबाई हट्टानं मावळतीची बाजू मागून बसल्या, कारण त्यांच्या आठवणीप्रमाणं पुरलेली जागा त्या बाजूला होती. मधे भिंत आली. ब्राह्मीबाई खणतच राहिल्या.

कलगोंडा तेव्हा पाळण्यात. म्हणजे 'चोरटीचा ल्योक' हे शब्द त्यांच्या कानावर बोबडे बोल फुटायच्या आधीच पडले. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पूजेला गेलं की बायका आईपासून हातभर सरकून बसायच्या, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. आई निर्दोष ठरावी म्हणून त्यांनी मला आणलं होतं. आणि मोटारीत काळीज का धडधडत होतं? आई निर्दोष नसलीच तर, म्हणून. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पेटी पुसताना एकदा मलाच सांगितलं. यंत्राला सांगितलेलं कुठं जात नाही, असं माणसांना वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. आप्पांनी पेटी पाठीला बांधली, कानाला डबे लावले, पटका त्यावरून गुंडाळला आणि काकूच्या माजघरात शिरले. अंगणात अर्धं गाव.

मी पहिल्याच पावलाला ओरडलो. आप्पा ओरडले, "हाय!" खणलं. खिळा. पुन्हा ओरडलो. बैलाचा नाल. पुन्हा. विळीचं तुटकं पातं. खणायला वेळ फार लागायचा, कारण जैनाचं घर. आधी ब्राह्मीबाई मऊ कुंच्यानं मुंग्या बाजूला करायच्या, मुंग्या जाईपर्यंत सगळे थांबायचे, गांडूळ निघालं तर त्याला पानावर घेऊन परड्यात सोडून यायचं, मग खुरप्याचा पुढचा घाव.

शेजारचा भावकू हे सगळं कुंपणावरून बघत होता. तो म्हणाला, "आप्पा, तुमच्यात जमिनीखालचा कांदा चालत न्हाय, बटाटा चालत न्हाय. रुपया तेवढा चालतोय व्हय?"

"रुपयाला मोड येत न्हाईत," आप्पा म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत हजरजबाबी उत्तर असावं, कारण ते स्वतःच त्यावर बराच वेळ खूश होते.

तिसऱ्या दिवशी एक उलथणं निघालं. ते पाहून पद्मावतीबाई अंगणातून म्हणाल्या, "कलगोंडा, सांग तुझ्या काकूला, वीस वर्सांमागं जे मी चोरलं हुतं ते उलथणं गावलं म्हणावं."

ब्राह्मीबाईंना त्या वेळी मुळीच ऐकू आलं नाही.

तोवर माझी फार बदनामी झाली होती. प्रेमलाबाई चहा घेऊन आल्या की मी बोंबलायचो, कारण त्यांच्या पायातली जोडवी. शेजारणी डोकावल्या की बोंबलायचो, त्यांचीही जोडवी. आप्पा वाकले की बोंबलायचो, कारण त्यांच्या कमरेला चांदीचा करगोटा. "सोडा की घटकाभर," भावकू म्हणाला. आप्पांनी कमरेवर दोन्ही हात ठेवले. "करगोटा सोडला तर आयुष्य तुटतंय. आजा सांगायचा." मग माझ्यावरच खापर. यंत्र भुलतं, यंत्रात भूत आहे, साहेबानं फसवलं.

काकूच्या बाजूची जमीन संपली. आता ती चाळणीसारखी दिसत होती. तांब्या नव्हता. आणि माझी बॅटरी संपत आली. कॅम्पातून मिळाली ती एकच होती. पेटीचं झाकण उघडून आप्पा म्हणाले, "तासाभराचा जीव ऱ्हायलाय. आता आईची बाजू."

त्या बाजूला ब्राह्मीबाईंनी भिंत उभी राहिल्यापासून पाऊल ठेवलं नव्हतं. आणि तिथं काही सापडलं, तर त्याचा अर्थ काय होईल हे सगळ्यांना कळत होतं. आप्पांचा चेहरा तर कडू कारलं खाल्ल्यासारखा झाला. पण पद्मावतीबाईच पुढं झाल्या. "आण ते आत. पर अंगावर धातू आसनारं कुनीबी नगं. मिनिट मिनिट मोलाचं हाय."

करगोटेवाले पुरुष गेले. जोडवीवाल्या बायका गेल्या. उरलं कोण? ज्यांच्या हातात बांगडी नाही, गळ्यात मणी नाही, पायात जोडवं नाही, अशा दोघीच. नवरा गेल्यावर जगानं त्यांचं एकेक काढून घेतलं होतं. त्याचा असा उपयोग होईल, असं जगाच्या मनातही नसेल.

तरी अडचण होतीच. पद्मावतीबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना दांडा फिरवत चालता येईना. ब्राह्मीबाईंचे हात दणकट, पण कान गेलेले, त्यांना माझा आवाज ऐकू येईना. एकीजवळ कान, दुसरीजवळ हात. तेव्हा पद्मावतीबाई पाटावर बसल्या, पेटी शेजारी ठेवली, पदरावरून कानाला डबे लावले. ब्राह्मीबाईंनी दांडा धरला. दार ओढून घेतलं गेलं. आत त्या दोघी आणि मी.

ब्राह्मीबाई चकती फिरवू लागल्या. चुलीजवळ गेलो. गुंऽऽ. उतरंडीजवळ गेलो. गुंऽऽ. ब्राह्मीबाई थांबल्या. विचारायचं होतं, पण आत ना आप्पा, ना म्हैस. त्यांनी मधल्या खांबाकडं तोंड केलं.

"खांबा, इचार तिला, काय ऐकू येतंय का?"

पद्मावतीबाईंनी नाही म्हणून नुसती मान हलवली.

मग आम्ही भिंतीकडेच्या चटईजवळ आलो. ही पद्मावतीबाईंची जपाची चटई. रोज सकाळी त्या इथं बसून माळ ओढत. ब्राह्मीबाईंनी चकती चटईवरून फिरवली, आणि मी जीव खाऊन ओरडलो.

पद्मावतीबाईंचे डोळे मोठे झाले. त्या चटईकडं बघत राहिल्या. ब्राह्मीबाईंना काही कळलं नव्हतं. त्यांनी चकती पुढं नेली. मी गप्प. पुन्हा मागं आणली. मी पुन्हा ओरडलो. हे ऐकणारं जगात एकच माणूस होतं, आणि त्याच माणसाच्या बसायच्या जागेखालून आवाज येत होता. आताही तशीच मान हलवली असती तरी काम संपलं असतं. बॅटरी मरायला आली होती. बाहेर मुलगा होता, सून होती, गाव होतं. मला वाटलं, ही बाई गप्प बसेल. माणसांचा माझा अनुभव काही फार मोठा नाही, पण मी असतो तर गप्प बसलो असतो.

"इथं," पद्मावतीबाई म्हणाल्या.

ब्राह्मीबाईंना ऐकू गेलं नाही. त्या उतरंडीकडं वळल्या.

"इथं गं!"

त्या चालल्याच होत्या.

"आगं ए बहिरे! इथं! माझ्या चटईखाली!"

चाळीस वर्षांनी जावेला मारलेली पहिली हाक ही अशी. ब्राह्मीबाई गर्रकन मागं वळल्या. चटई बाजूला झाली. या वेळी मुंग्यांना कुणी वेळ दिला नाही. देव क्षमा करो. हातभर खाली खुरपं टणकन वाजलं. हिरवा पडलेला तांब्या, तोंडात कुजलेलं फडकं, आणि आत राणीछाप रुपये, काळेठिक्कर.

ब्राह्मीबाईंनी तांब्या छातीशी धरला आणि असा आवाज काढला की माझी कुंई काहीच नाही.

"बघा गं समद्या! हिच्या बुडाखाली! चाळीस वर्सं माझ्या रुपयांवर बसून हिनं जप केला!"

दार धाडकन उघडलं. सगळे आत आले. करगोटे आणि जोडवी एकदम आल्यामुळं मी पद्मावतीबाईंच्या कानात ठणाणा करू लागलो, तो आवाज बंद कसा करायचा ते त्यांना कळेना. त्या गोंधळात आप्पा आईसमोर उभे होते.

पद्मावतीबाईंनी कानातले डबे काढले. "मी घेतलं आसतं," त्या सावकाश म्हणाल्या, "तर हितं हाय म्हून सांगितलं आसतं का?"

"मग हितं आलं कसं? पाय फुटलं काय तांब्याला?"

"तू कुठं पुरलं हुतंस?"

"शंभरदा सांगितलं. दारातनं आत आलं की उजव्या हाताला, भिंतीकडंला."

"कुठल्या दारातनं?"

"कुठल्या म्हंजे? दारातनं! घराला दारं किती असत्यात?"

पद्मावतीबाई खांबाला धरून उठल्या आणि समोरच्या भिंतीवर थाप मारली. तिथला गिलावा जरा फुगीर होता. "तू पुरलंस तवा दार हितं हुतं, ब्राह्मे. दक्षिणेला. प्लेग सरल्यावर मामंजी म्हनालं, दक्षिणेच्या दारानंच रोगराई आली. ते दार बुजवलं आनि उत्तरंला पाडलं. तू माहेरी हुतीस."

माझी बॅटरी तेवढ्यात मेली.

ब्राह्मीबाई बुजवलेल्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला. हात बरोबर खड्ड्याकडं गेला. मग त्या चालत उत्तरेच्या दारात गेल्या, आत तोंड केलं, उजवा हात वर केला. हात भिंतीपलीकडं, त्यांच्या स्वतःच्या चाळणी झालेल्या बाजूकडं. पुन्हा दक्षिणेला आल्या. पुन्हा हात. पुन्हा उत्तरेला. डोक्यावर पदर घेऊन, बैलगाडीतून उतरून सतरा वर्षांची पोर त्या दारातनं आत आली होती, आणि दार फिरलंय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

चौथ्या खेपेला प्रेमलाबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग भावकू फिसकला. मग सगळं माजघर. आप्पा मात्र हसत नव्हते, ते भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते आणि पटक्यानं नाक पुसत होते.

ब्राह्मीबाई जावेपुढं मटकन खाली बसल्या. "कुनीतरी सांगायचं न्हाय का गं मला?"

"तू इचारायचं न्हाय का? तू आल्या आल्या चोर म्हनालीस. मग माझ्या डोक्यात दार कुठनं येनार?" पद्मावतीबाई म्हणाल्या, आणि सुनेकडं वळल्या. "प्रेमला, गुळाचा खडा आण."

आप्पांना वाटत होतं आईला गोड आवडत नाही. आयुष्यभर त्यांना तसंच वाटत आलं होतं. त्यांच्या लग्नातही आईनं लाडू मोडला नव्हता. खरं काय ते बाहेर येईपर्यंत गूळ-साखर वर्ज्य, असं व्रत त्या माउलीनं बस्तीत घेतलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. खडा त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळला. मग म्हणाल्या, "आगदीच गोड आसतंय की गं हे."

तांब्या कुणी ठेवायचा यावरून लगेच दुसरं भांडण लागलं. ब्राह्मीबाई तो जावेच्या मांडीत ठेवायच्या, जाऊ तो ढकलून द्यायची. "तुझ्या बापाचं हाय ते." "मग तुझी राखण हाय त्याच्यावर, चाळीस वर्सांची." दोन दिवस तांब्या या घरातनं त्या घरात फिरत होता. शेवटी राणीछाप आटवून बस्तीतल्या मूर्तीवर चांदीचं छत्र चढवलं. ते चढवताना आधी हात कुणी लावायचा यावरूनही बाचाबाची झाली, पण तोंडातोंडी, मधे कुणाला न बसवता. पूजेला बसलेल्या बायका त्या दिवशी सरकल्या नाहीत. जागाच उरली नव्हती. सगळ्याच पद्मावतीबाईंना चिकटून बसल्या होत्या.

आता साल एकोणीसशे सत्तेचाळीस. गोरे साहेब गेले, मी इथंच राहिलो. आप्पांनी मधल्या भिंतीला मोठं भगदाड पाडून दिलं आहे. दोघी पहाटेपासून त्यातून बोलतात. चाळीस वर्षांचं साठलेलं बोलणं आहे, ते काही लवकर संपायचं नाही. ब्राह्मीबाईंना ऐकू येत नसल्यामुळं सगळं ओरडून चालतं. फारच झालं की पद्मावतीबाई माझे डबे कानाला लावून स्वस्थ बसतात. बॅटरी नसताना मी एवढा गुणी आहे, हे विलायतेत कुणाला माहीत नसेल. माझी चकती लोणच्याच्या बरणीवर झाकण असते, आणि दांड्यानं चिंचा पाडतात.

परवा जुनं लोखंड विकत घेणारा दारात आला. प्रेमलाबाईंनी मला उचलून त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं दांडा हातात घेतला मात्र, दोन्ही दारांतून दोन म्हाताऱ्या केरसुण्या घेऊन निघाल्या.

"ठेव खाली!" ब्राह्मीबाई ओरडल्या. "त्यो घरचा मानूस हाय!"

तो बिचारा बैलगाडी सोडून पळाला, मग गाडीसाठी परत आला.

आता माझं कुणाकडं काही मागणं नाही. विनंती एकच. कलगोंडा आप्पा हल्ली दर बाजाराला बेळगावात माझ्याजोगी बॅटरी विचारत फिरतात. पाटलाच्या आजीनंही कुठंतरी काही पुरलंय म्हणे. तुमच्या दुकानात तसली बॅटरी असली आणि पिवळ्या पटक्याचा एक भिडस्त माणूस विचारत आला, तर कृपा करून नाही म्हणून सांगा. घरात सध्या जेवढा आवाज आहे, तेवढा पुरे आहे.